वीजवाहिन्यांच्या कंपनीचा शेअर : भाव आणि मोल

शेअरबाजार ही संस्था मराठी मध्यमवर्गाने फार दिवस दुरूनच पाहिली. शिक्षक, कारकून, रेल्वेतील नोकर यांची शिल्लक पोस्टात जाई, बँकेच्या मुदतठेवीत जाई, मुलीच्या लग्नासाठी म्हणून थोडी सोन्यात जाई. दलाल स्ट्रीट हे नाव ऐकले की जुगार आठवे. आज ती परिस्थिती राहिलेली नाही. ठेवीवरील व्याज महागाईला पुरे पडत नाही, हे कळू लागल्यावर इंदूर-बडोद्यापासून हैदराबाद-बंगळूरपर्यंतच्या मराठी घरांतूनही शेअरची खरेदी होऊ लागली आहे. अशा नवख्या घरात जो पहिला शेअर शिरतो, तो बहुधा 'सुरक्षित' या शिफारशीवर शिरतो. आणि सुरक्षित म्हणून ज्यांची नावे सांगितली जातात त्यांत वीजवाहिन्या, वायूचे नळ, बंदरे अशा पायाभूत व्यवसायांच्या कंपन्या हटकून असतात. युक्तिवाद सरळ असतो : विजेवाचून कोणाचे चालते?

हा युक्तिवाद खोटा नाही, पण अपुरा आहे. मिठावाचूनही कोणाचे चालत नाही. म्हणून मिठागरात पैसा घालणारा प्रत्येक जण श्रीमंत झाला, असे काही दिसलेले नाही. वस्तूची गरज एक, ती पुरविणाऱ्या कंपनीचा नफा दुसरा, आणि त्या नफ्यात वाटा मिळावा म्हणून बाजारात मोजावा लागणारा भाव तिसरा. या तीन गोष्टींची गल्लत झाली की आयुष्यभराची शिल्लक चुकीच्या जागी अडकते. म्हणून वीजवाहिन्यांच्या कंपनीच्या शेअरचे मोल कसे ठरवावे, हा प्रश्न केवळ दलालांचा राहिलेला नाही.

या व्यवसायात भारतीयांनी आपला पैसा घालण्याची एक महत्त्वाची कथा सह्याद्रीच्या माथ्यावर घडली. घाटावर कोसळणारा पाऊस अडवावा, ते पाणी नळांतून कोकणात सोडावे आणि त्यावर निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवावी, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ती त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. १९०४ मध्ये ते निवर्तले. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली, पुढच्या वर्षी लोणावळ्यास गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईस खेळू लागली. भांडवल मुख्यतः देशातील संस्थानिकांनी आणि व्यापाऱ्यांनी पुरविले. त्या काळच्या भागधारकापुढे नियामक आयोग नव्हता, आजच्यासारखे तिमाही हिशेब नव्हते. परंतु विचारावयाचे प्रश्न त्याच्यापुढेही हेच होते. पाऊस खात्रीचा आहे काय? गिऱ्हाईक कोण आहे, आणि ते पैसे देण्याजोगे आहे काय? दुरून येणाऱ्या कोळशापेक्षा ही वीज स्वस्त पडेल काय? बांधकाम ठरल्या खर्चात पुरे होईल काय? त्यात गिऱ्हाइकाचा प्रश्न सर्वांत सोपा होता. गिरण्या समोर उभ्या होत्या, त्यांची धुराडी रोज कोळसा जाळीत होती.

एक प्रश्न मात्र कोणाच्या हिशेबात नव्हता. याच उद्योगसमूहाने पुढे मुळशी खोऱ्यात धरण बांधावयास घेतले, तेव्हा जमिनी बुडणाऱ्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. १९२१ ते १९२४ पर्यंत चाललेल्या त्या लढ्यानेच पांडुरंग महादेव बापट हे 'सेनापती' झाले. धरण झाले, भिऱ्याचे वीजकेंद्रही झाले. पण वीज वाहून नेणारी वाट कोणाच्या तरी शेतातून आणि घरातून जाते, आणि त्या माणसाचा नकार हाही खर्चाचाच एक भाग असतो, हे तेव्हापासून या व्यवसायास चिकटलेले सत्य आहे. त्याचा विचार पुढे येईलच.

आजचे उदाहरण म्हणून पॉवर ग्रिड कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही कंपनी घेणे सोयीचे आहे. केंद्र सरकारच्या निरनिराळ्या वीजनिर्मिती कंपन्यांकडे असलेल्या उच्चदाब वाहिन्या एका छत्राखाली आणण्यासाठी १९८९ मध्ये ती स्थापन झाली. १९९२ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. देशाचे पाच विभाग पूर्वी विजेच्या दृष्टीने जणू पाच स्वतंत्र बेटे होती. ती हळूहळू जोडली गेली, आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी चालू झाल्यावर दक्षिण विभागही उरलेल्या देशाशी एका स्पंदनात आला. कन्याकुमारीचा पंखा आणि काश्मीरचा दिवा आज एकाच वारंवारतेवर चालतात, ते या सांध्यामुळे. कंपनीचे शेअर २००७ मध्ये प्रथम जनतेस विकले गेले. भाव होता ५२ रुपये. निम्म्याहून थोडी अधिक मालकी अजूनही केंद्र सरकारकडे आहे.

अशी कंपनी कमावते कशी, हे नीट समजले म्हणजे अर्धे काम झाले. सामान्य समजूत अशी की, जितकी जास्त वीज वाहील तितका जास्त पैसा मिळेल. वस्तुस्थिती तशी नाही. वीज ही या कंपनीची नव्हेच. ती फक्त रस्ता बांधून तो सज्ज ठेवते. तिचे उत्पन्न रस्त्यावरून किती गाड्या गेल्या यावर नसून रस्ता वर्षातून किती काळ खुला होता यावर ठरते. परिवर्ती धारेच्या वाहिन्यांसाठी साधारण ९८ टक्के सज्जतेची अट असते. ती पाळली की ठरलेला आकार पूर्ण मिळतो, त्याहून सरस काम केल्यास थोडे बक्षीस, कमी पडल्यास कपात. म्हणून देशातील विजेची मागणी यंदा वाढली किंवा घटली, या बातमीवरून या कंपनीचा शेअर घेणारा किंवा विकणारा माणूस चुकीच्या खिडकीतून पाहत असतो.

मग हा आकार ठरतो कसा? १९९८ च्या कायद्याने केंद्रीय विद्युत नियामक आयोग अस्तित्वात आला. २००३ च्या विद्युत कायद्याने त्याचे अधिकार दृढ केले. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याच्या सहाव्या परिशिष्टातही खासगी परवानाधारकाने किती नफा घ्यावा याची 'वाजवी परतावा' म्हणून मर्यादा घातलेली होती. मक्तेदाराला मोकळे सोडता येत नाही आणि उपाशीही ठेवता येत नाही, म्हणून खर्च अधिक वाजवी नफा हे सूत्र जगभर स्वीकारले गेले.

एक काल्पनिक वाहिनी घ्यावी. तिला १०० कोटी रुपये खर्च आला आणि तो आयोगाने मान्य केला. आयोगाच्या हिशेबात त्यांतील ७० कोटी कर्जाचे व ३० कोटी मालकांच्या भांडवलाचे धरले जातात. कर्जावरील व्याज आकारातून वसूल होते. देखभालीचा खर्च ठरावीक मापाने मिळतो. घसारा म्हणून पहिली १२ वर्षे दरसाल ५.२८ टक्के मिळतात, म्हणजे बारा वर्षांत ६३ कोटींहून काही अधिक; कर्जफेडीचा बहुतेक भार याच पैशातून उतरतो. आणि मालकांच्या ३० कोटींवर, आयकर निराळा भरून देऊन, निव्वळ परतावा मिळतो. हा परतावा २००४ ते २००९ या काळात १४ टक्के होता, २००९ पासून १५.५ टक्के झाला. २०२४ ते २०२९ या कालखंडासाठी आयोगाने नव्या पारेषण प्रकल्पांचा दर १५ टक्क्यांवर आणला. जुन्यांचा पूर्वीचाच ठेवला. म्हणजे आपल्या काल्पनिक वाहिनीवर मालकांना दरसाल ४ कोटी ६५ लाख रुपये मिळतात. दुसऱ्या वर्षी किती? ४ कोटी ६५ लाख. दहाव्या वर्षी? तितकेच.

या अंकगणितात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली, की नफा अत्यंत खात्रीचा आहे. कोळसा महागला, व्याज वाढले, तरी त्याचा भार बहुतांशी दुसऱ्यावर जातो. दुसरी, की तो आपोआप वाढत नाही. कापडाची गिरणी दुसरी पाळी सुरू करून तेवढ्याच यंत्रांतून अधिक कमावू शकते. वाहिनीला दुसरी पाळी नाही. नफा वाढावयाचा तर नव्या वाहिन्या बांधल्या पाहिजेत, त्यासाठी नवे भांडवल घातले पाहिजे, आणि ते भांडवल भागधारकाला मिळू शकणाऱ्या लाभांशातूनच राखून ठेवावे लागते किंवा नवे शेअर विकून आणावे लागते. पॉवर ग्रिडने २०१० मध्ये असे शेअर पुन्हा विकले, २०१३ मध्ये आणखी विकले. दोन्ही वेळा भाव ९० रुपयेच होता. मधल्या तीन वर्षांत देशात मनोरे भराभर उभे राहत होते, ताळेबंद फुगत होता. पण विक्रीचा भाव जागचा हलला नव्हता. कंपनी वाढणे आणि प्रत्येक शेअरचे मोल वाढणे यांतील अंतर याहून स्पष्ट दाखविणारे उदाहरण सहसा सापडत नाही.

आता मोलाकडे वळावे. ताळेबंदावरून प्रत्येक शेअरमागे मालकांचे भांडवल किती, हे काढता येते. त्यास पुस्तकी मूल्य म्हणतात. ते १०० रुपये आहे आणि त्यावर कंपनी १५.५० रुपये मिळविते, असे धरू. तूर्त वाढ नाही, सर्व नफा वाटून टाकला जातो, असेही धरू. ज्या गुंतवणूकदाराला आपल्या पैशावर शेकडा १० मिळाले तरी समाधान आहे, तो या शेअरला १५५ रुपये देण्यास हरकत घेणार नाही. कारण १५५ वर १५.५० म्हणजे बरोबर शेकडा १०. पण सरकारी कर्जरोख्यांचे व्याज चढले आणि तोच गुंतवणूकदार शेकडा साडेबारा मागू लागला, तर त्याच १५.५० रुपयांसाठी तो फक्त १२४ रुपये देईल. एकही मनोरा कोसळला नाही, एक रुपयाही कमी मिळाला नाही, आणि भाव मात्र एक-पंचमांशाने उतरला. वीजवाहिन्यांचा शेअर हा स्वभावाने निम्मा कर्जरोखा आहे. रिझर्व्ह बँकेने व्याजदर हलविला की तो का हलतो, याचे उत्तर यात आहे.

वाढ धरली की गणित अधिक बारीक होते. कंपनीने १५.५० पैकी निम्मा, म्हणजे ७.७५ रुपये नफा राखून ठेवला आणि नव्या वाहिनीत घातला. तिथेही १५.५ टक्के मिळाले, तर पुढल्या वर्षी नफ्यात सुमारे १.२० रुपयांची भर पडेल. शेकडा १० मागणाऱ्याच्या दृष्टीने ही भर १२ रुपयांच्या मोलाची. पावणेआठ रुपयांचे बारा झाले. पण नव्या वाहिनीवर केवळ ९ टक्केच सुटले, तर भर सत्तर पैशांची. तिचे मोल सात रुपयांच्याही किंचित आत. पावणेआठ रुपये ठेवून घेऊन कंपनीने त्यांचे सात केले. अशा वाढीपेक्षा तो पैसा लाभांश म्हणून हातात पडलेला बरा. 'कंपनीच्या हाती अमुक हजार कोटींची कामे' या मथळ्याने हुरळून जाण्यापूर्वी ही कामे किती टक्क्यांनी घेतली आहेत, हे विचारणे अगत्याचे असते. तो आकडा मथळ्यात नसतो.

आणि हा प्रश्न आता पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. जानेवारी २०११ पासून बहुतेक नव्या आंतरराज्य वाहिन्यांचे काम स्पर्धात्मक बोलीने दिले जाऊ लागले. त्यात ठरीव टक्केवारी नाही. जो सर्वांत कमी वार्षिक आकार मागेल त्याला काम. करार साधारण ३५ वर्षांचा. पोलाद महागले, शेतकऱ्यांनी काम अडविले, कंत्राटदार पळाला, तर नुकसान बहुतेक बोली लावणाऱ्याचे. म्हणजे एकाच कंपनीच्या पोटात दोन निराळे व्यवसाय नांदतात : जुन्या वाहिन्यांचा, जिथे नफा लिहून ठेवलेला आहे, आणि नव्या वाहिन्यांचा, जिथे तो कौशल्याने मिळवावा लागतो. पहिल्याचे मोल रोख्यासारखे करावे, दुसऱ्याचे कंत्राटदारासारखे. दोहोंची सरासरी काढून एकच गुणक लावणारे अहवाल बरेच निघतात. ते वाचावयास सोपे असतात, एवढाच त्यांचा गुण.

वार्षिक अहवालात एक रकाना असतो, त्याकडे नवखा वाचक सहसा फिरकत नाही : बांधकामाधीन मालमत्ता. अर्धवट उभ्या वाहिनीत पैसा गेलेला असतो, पण ती चालू होईपर्यंत त्यावर कवडीही मिळत नाही. वाहिनी वेळेवर झाली तर ठीक. उशीर झाला तर बांधकामाच्या काळातले व्याज खर्चात चढत जाते. आणि उशीर कंपनीच्या दोषाने झाला असे आयोगास वाटले, तर ते व्याज तो मान्य करीत नाही. मग ताळेबंदातल्या १०० रुपयांपैकी आयोगाच्या खात्यात ९५ च उरतात आणि परतावा ९५ च्याच हिशेबाने मिळतो. म्हणून पुस्तकी मूल्य हा पाया खरा; पण आयोगाने मान्य केलेले भांडवल हे त्याहून खरे.

उशीर का होतो, याचे उत्तर बहुधा जमिनीत असते. मनोऱ्यासाठी जमीन विकत घेतली जात नाही. १८८५ च्या तार कायद्यातील अधिकार वापरून, भरपाई देऊन, शेतात मनोरा उभारला जातो. जमीन शेतकऱ्याच्या नावावर राहते आणि तारा त्याच्या डोक्यावर. ही भरपाई तुटपुंजी आहे, हे गाऱ्हाणे विदर्भापासून पश्चिम महाराष्ट्रापर्यंत सर्वत्र ऐकू येई, आणि ते अन्यायाचे नव्हते. जून २०२४ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना बदलल्या : मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीसाठी तिच्या किमतीच्या ८५ टक्क्यांऐवजी २०० टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी १५ टक्क्यांऐवजी ३० टक्के. मुळशीच्या शंभर वर्षांनंतर हिशेबाच्या वहीत ही ओळ जरा ठळक झाली, असे म्हणावयाचे. ठरीव परताव्याच्या वाहिनीत हा वाढीव खर्च आकारात मिसळतो आणि शेवटी ग्राहकाकडे जातो. बोलीच्या वाहिनीत तो कोणी सोसावयाचा यावर वाद संभवतो.

पक्ष्यांचाही प्रश्न आला. माळढोक हा सोलापूर-नगरच्या माळरानांनी गमावत आणलेला पक्षी राजस्थान आणि गुजरातेत थोड्या संख्येने उरला आहे. उडताना समोरची तार त्याला नीट दिसत नाही. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या वावराच्या विस्तीर्ण प्रदेशात तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला. सौरऊर्जेची मोठी केंद्रे नेमकी त्याच प्रदेशात येत असल्याने त्या वाहिन्यांचे वेळापत्रक कोलमडण्याची भीती निर्माण झाली. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञ समितीकडे विषय सोपविला. शेअरचे मोल ठरविणाऱ्याने पक्षिशास्त्र शिकावे असे नव्हे; परंतु वाहिनी कोणत्या मुलुखातून जाते, हे नकाशावर पाहण्याइतके कष्ट त्याने घ्यावेत.

यानंतर येणी. आकार ठरला म्हणून पैसा आला असे होत नाही. वाहिन्यांचा आकार भरणाऱ्या मुख्यतः राज्यांच्या वीजवितरण कंपन्या, आणि त्यांतील अनेकींची आर्थिक प्रकृती सर्वश्रुत आहे. पॉवर ग्रिडला येथे दोन आधार आहेत. आंतरराज्य वाहिन्यांचा आकार एका सामाईक कोशात जमा होऊन त्यातून वाहिन्यांच्या मालकांना वाटला जातो, त्यामुळे एका राज्याच्या थकबाकीचा धक्का एकाच कंपनीवर कोसळत नाही. आणि २०२२ च्या नियमांनी फार काळ थकविणाऱ्या वितरण कंपनीस बाहेरून वीज मिळविण्यावर टप्प्याटप्प्याने बंधने येऊ लागली. तरीही ताळेबंदात येणी किती दिवसांची आहेत हे पाहावेच.

ते का पाहावे, याचे उत्तर महाराष्ट्राने फार महागात शिकले आहे. दाभोळच्या वीजप्रकल्पाचा करार १९९३ मध्ये झाला, १९९५ मध्ये मोडला, १९९६ मध्ये नव्या अटींवर जुळला आणि मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा चालू झाला. वीज घ्या अथवा घेऊ नका, स्थिर आकार द्यावाच लागेल, अशी तरतूद करारात होती. कागदावर याहून भक्कम उत्पन्न असूच शकत नव्हते. परंतु ते देणारे महाराष्ट्र राज्य वीज मंडळ होते आणि मंडळाला ते झेपणारे नव्हते. मे २००१ मध्ये मंडळाने करार सोडला आणि केंद्र बंद पडले. पुढे २००५ मध्ये सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने ते पुन्हा उभे करावे लागले. मधल्या काळात भारतीय बँकांचा पैसा अडकून पडला होता. कराराची भक्कमता ही शेवटी पैसे देणाऱ्याच्या ऐपतीइतकीच असते.

दाभोळची सूत्रधार कंपनी एन्रॉन. तिची स्वतःची कथा तर या विषयाचा उलटा धडाच आहे. १९८५ मध्ये दोन कंपन्या एकत्र येऊन ती जन्मली, तेव्हा तिचा व्यवसाय नैसर्गिक वायूच्या नळांचा होता : कंटाळवाणा, नियंत्रित, ठरीव नफ्याचा. असा व्यवसाय तिला पुरेना. ती वायूच्या आणि विजेच्या व्यापारात उतरली. दीर्घ मुदतीच्या करारांतून पुढे मिळेल असे मानलेला नफा आजच जमेस धरण्याची हिशेबपद्धती तिने १९९२ पासून अवलंबिली. नफा दिसे, रोकड दिसत नसे. ऑगस्ट २००० मध्ये ९० डॉलरच्या आसपास गेलेला तिचा शेअर, २ डिसेंबर २००१ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा एका डॉलरच्या आत आला होता. ज्यांनी 'वायूच्या नळांची सुरक्षित कंपनी' म्हणून तो घेतला त्यांत तिचे स्वतःचे कर्मचारीही होते; त्यांची निवृत्तीची शिल्लक त्याच शेअरमध्ये होती. नफातोटापत्रकाच्या शेजारी रोकडप्रवाहाचे पत्रक ठेवून वाचावे, हा नियम पाठ्यपुस्तकातला वाटतो; पण तो अशा घरांच्या किमतीवर लिहिला गेला आहे.

आपल्याकडेही उभ्या मालमत्तेऐवजी आश्वासनाला भाव देण्याचे प्रसंग घडले. पॉवर ग्रिडच्या पहिल्या विक्रीनंतर काही महिन्यांनी, जानेवारी २००८ मध्ये, रिलायन्स पॉवरचे शेअर ४५० रुपयांना विकले गेले. किरकोळ अर्जदारांना २० रुपये सूट होती. कंपनीचे एकही वीजकेंद्र तेव्हा चालू नव्हते. अर्ज कित्येक पटींनी आले. फेब्रुवारीत शेअर बाजारात आला त्या पहिल्याच दिवशी तो विक्रीच्या भावाखाली बंद झाला, आणि पुढे प्रवर्तक वगळून इतर भागधारकांना पाचास तीन बक्षीस शेअर देऊन समजूत घालावी लागली. ५२ रुपयांचा शेअर स्वस्त आणि ४५० चा महाग असे मुळीच नसते, हेही येथे सांगितले पाहिजे. दर्शनी भाव काहीच सांगत नाही. त्यामागे किती भांडवल आणि किती नफा उभा आहे ते सांगते.

बक्षीस शेअरांविषयीचा गैरसमज तर सार्वत्रिक आहे. पॉवर ग्रिडने २०२१ मध्ये तीन शेअरमागे एक बक्षीस दिला, २०२३ मध्ये पुन्हा तितकाच दिला. २००७ मध्ये ज्याने ९ शेअर ४६८ रुपयांना घेतले त्याचे प्रथम १२ आणि मग १६ झाले. म्हणजे त्याची मूळ खरेदी आजच्या शेअरच्या हिशेबाने २९ रुपये २५ पैशांची पडली. बक्षिसाने तो श्रीमंत झाला नाही, कारण भाकरी तीच होती, तुकडे वाढले. पण जुन्या भावाशी आजचा भाव ताडून पाहणाऱ्याने हा हिशेब केला नाही, तर त्याचे सर्व निष्कर्ष चुकतात.

लाभांशाकडे पाहताना मोठा मालक कोण हे विसरू नये. सरकारी कंपन्यांनी निव्वळ नफ्याच्या ३० टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या ५ टक्के, यांत जी रक्कम मोठी असेल ती लाभांश म्हणून द्यावी, असा दंडक २०१६ मध्ये घालण्यात आला. २०२४ मध्ये ५ चे ४ झाले. सरकारला अंदाजपत्रकासाठी पैसा हवा असतो, आणि त्या गरजेचा फायदा लहान भागधारकासही मिळतो. मात्र हेच सरकार नव्या वाहिन्या लवकर बांधा असाही आग्रह धरते, आणि परताव्याचा दर ठरविणारा आयोग वीज स्वस्त राहावी ही जबाबदारी वाहत असतो. मालक, धोरणकर्ता आणि ग्राहकांचा कैवारी अशा तीन भूमिकांतून राज्यसंस्था एकाच कंपनीकडे पाहते. २००९ मध्ये दर वाढला, २०२४ मध्ये नव्या कामांसाठी उतरला. पुढला कालखंड २०२९ मध्ये सुरू होईल.

वाढ नको, केवळ ठरीव उत्पन्न हवे, अशांसाठी कंपनीने मे २०२१ मध्ये निराळी सोय केली. चालू झालेल्या पाच वाहिनी-प्रकल्पांतील मालकीचा मोठा हिस्सा एका न्यासाकडे देऊन त्याचे घटक १०० रुपयांस विकले. पुढील काही वर्षे घटकामागे दरसाल १२ रुपये वाटले गेले. शेकडा १२ हे ऐकून अनेक निवृत्तांनी ते मुदतठेवीच्या व्याजाशी ताडून पाहिले. परंतु ही तुलना सदोष आहे. ठेवीची मुदत संपली की मुद्दल परत मिळते. येथे प्रकल्पांचे करार ३५ वर्षांचे आहेत, दरसाल एक वर्ष कमी होते आणि न्यासाने नव्या वाहिन्या घेतल्या नाहीत तर वाटण्याजोगा पैसा आटत जातो. हाती पडणाऱ्या बारा रुपयांत कमाई किती आणि आपलेच परत येणारे मुद्दल किती, हे वाटपाच्या पत्रकात व्याज, लाभांश आणि कर्जफेड अशा निरनिराळ्या रकान्यांत मांडलेले असते. पुढे हा घटक बाजारात १०० रुपयांच्या खाली मिळू लागला, तेव्हा 'बारा टक्के देणारी वस्तू स्वस्त कशी झाली' असा प्रश्न पुष्कळांना पडला. ज्यांनी ते पत्रक शेवटच्या रकान्यापर्यंत वाचले होते, त्यांना तो पडला नसावा.